पुठ्ठ्याची पेटी

दौंडला रेल्वेलाइनीच्या पलीकडं एक गाण्याचा क्लास होता. गल्लीत त्याचं फार कौतुक व्हायचं, कारण तिथून आवाज म्हणून येत नसे. कुणाचं तान्हं झोपलेलं असो, कुणाच्या पोराची दहावी असो, शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. "क्लास असावा तर असा," असं समोरचा पिठाच्या गिरणीवाला सांगायचा, आणि त्याच्या गिरणीपुढं ते ऐकू येण्यासाठी त्याला ओरडावं लागायचं.

क्लास सरांचा. सर मूळचे भूगोलाचे. शिरूर-दौंडच्या हायस्कुलांत त्यांनी नद्या, वारे आणि खडक शिकवले, रिटायर झाले, घर बांधलं, आणि पुढच्या खोलीत फळा टांगून दारावर पाटी लावली : 'संगीतशास्त्राचे वर्ग'. लोक पाटीतला 'संगीत' एवढाच शब्द वाचायचे. पोराला पेटी शिकवायची म्हणून घेऊन यायचे. सर पोराच्या मांडीवर पुठ्ठा ठेवायचे.

पुठ्ठा म्हणजे खरोखरचाच पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा जाड तुकडा, आणि त्यावर पट्टी-पेन्सिलीनं मापात काढलेल्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. त्यावर बोटं ठेवायची, आणि कुठलं बोट कुठल्या सुरावर आहे ते तोंडानं हळू म्हणायचं. खरी पेटी होती, पण कपाटावर, शालीत गुंडाळलेली. ती खाली यायची वेळ येईपर्यंत निम्मी पोरं क्रिकेटला लागलेली असायची.

"सर, पुठ्ठा वाजत नाही," असं एखादा बाप धीर करून म्हणायचा.

"म्हणून तर दिला. पेटी दाबली की वाजतीच. गाढवानं पाय दिला तरी वाजती. मग गाढवाला वाटतं, आपल्याला यायला लागलं."

बाप पोराकडं बघायचा, पोरगं पुठ्ठ्याकडं. पुढच्या आठवड्यात दोघंही दिसायचे नाहीत. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. "आधी नकाशा, मग एसटी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ज्याला नकाशा नको त्यानं खुशाल पायी फिरावं.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो कासुर्डीच्या एका लग्नात. आमची गाण्याची पार्टी आहे, इनामगावकडची. भीमजयंतीला, वर्षावासाला, लग्नात, कुणाच्या मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गातो. गाणारी माझी थोरली बहीण, म्हणजे ताई. ढोलकीवर तिचे मालक, आमचे दाजी. मागं कोरसला विहारातल्या दोघी-तिघी, आणि कीबोर्डवर मी. दिवसा मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. तिथं दुसऱ्यांच्या चुका काढतो, आणि संध्याकाळी पार्टीत स्वतःच्या करतो.

माझं वाजवणं म्हणजे असं होतं, की मला फक्त पांढरी एक यायची. पेटीवरची ती सगळ्यात सोपी पट्टी, काळ्या पट्ट्यांना हातसुद्धा लावावा लागत नाही. गाणारा कुठल्याही पट्टीत गाऊ दे, मी तिथंच. कारण कीबोर्डला एक बटण असतं, ट्रान्स्पोजचं. ते दाबलं की बोटं जागच्या जागी राहतात आणि सूर वर-खाली सरकतो. आमच्या भागातले निम्मे कीबोर्डवाले त्या बटणावर संसार करतात. कासुर्डीला एका पाहुण्या गायकासाठी मी ते बटण वर चढवलं, आणि उतरवायचं राहिलं. नवरी मांडवात येताना ताईनं तिच्या नेहमीच्या सुरात गाणं उचललं आणि मी माझ्या बटणाच्या सुरात. फुलं उधळणारी माणसंसुद्धा हात वर धरून थांबली. ताईनं मान वळवून माझ्याकडं जे बघितलं ते मी कोरसला सांगत नाही.

जेवणाच्या पंगतीत पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. नवरी त्यांची विद्यार्थिनी. जिलबीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "तुमचा सा कुठं असतो?"

"बटणात," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

सरांनी जिलबी खाली ठेवली. "म्हंजी आपल्या घराची किल्ली शेजाऱ्याकडं. शेजारी गावाला गेला की तुम्ही वट्ट्यावर." आणि मग, माझी काही इच्छा आहे की नाही हे न विचारता, "रविवारी या. दौंडला. कीबोर्ड आणू नका."

मी गेलो. का गेलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा ताईच्या त्या नजरेमुळं.

मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलेला चाळिशीला टेकलेला माणूस फार शहाणा दिसत नाही. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या आणि मला बघून त्यांनी आधी हसून घेतलं. "तुम्ही नवे का? बरं बरं. पुठ्ठा भिजवू नका, हे माझ्यावर ओरडतात." काकूंचा सरांच्या शास्त्रावर रोजचा हल्ला असे. "आमटीत मीठ कमी झालं तर सांगत न्हाईत कवा. कुणाच्या पेटीचा एखादा सूर कमी असंल तर गाडी धरून सांगायला जातील."

सरांनी संगीताच्या परीक्षा दिल्या होत्या, अगदी वरपर्यंत. त्या परीक्षांना दोन भाग असतात, एक शास्त्राचा लेखी आणि एक प्रत्यक्ष गाऊन दाखवायचा. शास्त्रात सर दर वेळी केंद्रात पहिले. गाण्यात दर वेळी काठावर. काकूंच्या म्हणण्याप्रमाणं परीक्षकांनी पास केलं ते आणखी एकदा ऐकावं लागू नये म्हणून. "हे गायला बसले की शेजारची म्हैस पान्हा चोरायची," असं त्या सरांच्या तोंडावर सांगायच्या. सर मान डोलवायचे. "खरं हाय. म्हशीला सुराचं ज्ञान असतं," म्हणायचे.

एकदा मात्र, काकू आत गेल्यावर, ते आपणहून बोलले. नव्या नोकरीत, शाळेच्या गॅदरिंगला ते गायला उभे राहिले होते. पोरं हसली, मग मास्तर हसले, मग गावचे पाटीलही हसले. "मी ध्रुवपद म्हटलं आन् खाली बसलो. अंतरा अजून बाकी हाय माझा," असं म्हणून ते थोडं हसले. "गळा मिळाला न्हाई, म्हणून नकाशा काढत बसलो. जिथं जायला मिळत न्हाई त्या गावाचा नकाशा माणूस लई मन लावून काढतो." मला त्या वेळी त्यांच्याविषयी फार वाईट वाटलं, आणि मी पुठ्ठ्यावर उगाच रे-ग-म दाबत राहिलो. "म तीव्र झाला तुझा," सर लगेच म्हणाले. पुठ्ठ्यावर.

कार्यक्रमाला सर नेहमी यायचे. पुढच्या रांगेत कधी नाही, मधल्या रांगेत कडेला. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा, मात्रा मोजत. लग्न असो, विहारातली पौर्णिमा असो, अगदी मयताच्या घरचं गाणं असो, अंगठा थांबायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. बाकीची माणसं सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवतात, सर चुका पाठवायचे. दुसऱ्या कडव्यात तू सम सोडलीस. ढोलकी अंतऱ्यात पळाली. कोरसवाल्या मधल्या बाई निषादाला लाजतात.

एकदा मी वैतागून विचारलं, "सर, ते सगळं असू द्या. गाणं कसं वाटलं?"

"गाणं?" सर खरोखर गोंधळले. "गाण्याकडं लक्ष कुठं होतं? मी मोजत होतो."

दाजींना हे सगळं थोतांड वाटायचं. "पाव्हणं, आमच्या बानं उभा जन्म ढोलकी वाजवली, कवा मात्रा मोजली न्हाई. शास्त्र आलं की गाणं मरतं." मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बा मोजत होते. तोंडानं बोलत नव्हते एवढंच. दाजी मोजत न्हाईत, म्हणून तर पळतात." हे मी दाजींना सांगितलं नाही. घरात शांतता असलेली बरी.

सर आमच्या गावालाही एकदा येऊन गेले. घोडनदीच्या काठची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची टेकाडं, जिथं हजारो वर्षांपूर्वीची मडकी निघाली, ती बघायला. टेकाडावर उभं राहून बराच वेळ नदीकडं बघत होते. मी विचारलं, "एवढं नांदतं गाव उठलं कशानं हो, सर?" म्हणाले, "पाऊस कमी झाला म्हणतात." मग टोपी नीट करत, "पण शास्त्र नसावं, असाही एक मतप्रवाह हाय." मतप्रवाह त्यांचा एकट्याचाच होता.

आणि मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली.

गाठ साधी होती, पण काढावी लागली. पुण्याला ऑपरेशन झालं, नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं की काही आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाज परत येईल, पण वरचे सूर पहिल्यासारखे येतीलच असं सांगता येत नाही. हे डॉक्टर दाजींना सांगत होते आणि ताई शेजारी बसून ऐकत होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ताई शाळा फार शिकली नाही. शेतात, परक्याच्या बांधावर तिनं काम केलंय. पण स्टेजवर ती उभी राहिली की तिला सगळा तालुका ताई म्हणतो, ते त्या गळ्यामुळं. पार्टीत लगेच कुजबुज सुरू झाली. जयंती तोंडावर आली होती. कुणी म्हणालं केडगावची एक पोरगी चांगली गाते, कुणी म्हणालं ट्रॅक लावून नुसते ओठ हलवता येतात. हे ताईला कळू नये म्हणून सगळे हळू बोलायचे. जिला बोलायला बंदी, तिच्या कानांना काय झालं होतं?

मी तिला एका रविवारी माझ्या गाडीवर बसवून दौंडला नेलं. करमणूक म्हणून, दुसरं काही नाही. सरांनी तिच्याकडं बघितलं, गळ्यावरच्या पट्टीकडं बघितलं, आणि तिच्या मांडीवर पुठ्ठा ठेवला.

त्या क्लासच्या इतिहासात पहिल्यांदा पुठ्ठा योग्य माणसाच्या मांडीवर गेला. बाकी आम्हाला गप्प बसवावं लागायचं. ताई गप्पच होती. सर फळ्यावर सूर लिहायचे, ती त्यावर बोट ठेवायची. सर एखाद्या गाण्याची ओळ नुसती शब्दांत म्हणायचे, ती पुठ्ठ्यावर चालून दाखवायची. जी गाणी ती वर्षानुवर्षं डोळे मिटून गात आली होती, ती तिला आता डोळ्यांनी दिसायला लागली. एकदा तिनं एकाच ओळीवर चारदा बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून कपाळावर हात मारला. ती ओळ आणि आमचं दुसरंच एक गाणं सुरांनी सख्ख्या बहिणी निघाल्या होत्या. मला ते कधी दिसलं नव्हतं. मी बटण दाबत होतो.

पट्टी निघाली, बोलायची परवानगी मिळाली. सरांनी तिला आधी गाऊ दिलं नाही. "नकाशा काढू," म्हणाले. शालीतली खरी पेटी त्या दिवशी खाली आली. ताईनं एकेक सूर लावत खालपासून वरपर्यंत जायचं. खालचे सूर पहिल्यापेक्षा भरदार आले होते. वर मात्र धैवतापाशी आवाज फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. तिनं हात खाली ठेवले.

"सर, गेलं माझं," ती म्हणाली.

जयंतीला ती कायम जे गाणं म्हणते त्याचा अंतरा तार सापर्यंत चढतो, आणि तिथं थांबून राहतो. तिथंच टाळ्या पडतात. मी म्हणालो, "पट्टी खाली घेऊ की. बटण हाय." घेऊन बघितलं. अंतरा जमला, तर ध्रुवपदाची खालची ओळ घशात बुडाली. अंथरूण आखूड, तोंडावर ओढावं तर पाय उघडे.

दाजी दारात उभे होते, तिला न्यायला आलेले. ते बघून त्यांनी तोंड फिरवलं. शास्त्रावर काहीतरी टोमणा येईल असं मला वाटलं, पण ते नुसते म्हणाले, "चल घरी. ह्या साली ऱ्हाऊ दे."

ताई उठली नाही. तिनं पेटी बाजूला सारली आणि पुन्हा पुठ्ठा ओढला. त्याच्यावर तीन बोटं ठेवली. सा, ग, प. आम्ही कीबोर्डवाले ही तीन बोटं दिवसभर ठेवतो, त्याला कॉर्ड म्हणतो. सरांनी तिला शिकवताना सांगितलं होतं, हे तिघं एका घरातले, एकत्र नांदतात, भांडत नाहीत.

"सर," ती म्हणाली, "वरच्या खोलीत सा ऱ्हातो, तिथं मला जिना चढवत न्हाई. कोरसच्या बायांना वर पाठवू. त्या सा धरतील. मी त्या टायमाला खाली ग धरते. घर तर एकच हाय नव्हं?"

सरांनी पुठ्ठ्यावरच्या तिच्या बोटांकडं बघितलं. टोपी काढली, घातली. "शास्त्रात संवाद हाय," ते सावकाश म्हणाले. "पण एकाच वेळी दोघींनी दोन सूर लावायचे, हे माझ्या पुस्तकात न्हाई."

"मग पुस्तक ठेवा जरा कपाटावर. पेटी काढलीच हाय तर जागा झालीय."

काकू आतून हसल्या ते फळ्यापर्यंत ऐकू आलं. मी पेटीवर वरचा सा धरला, काकूंनाच ओढून त्या सुरावर 'आ' म्हणायला लावलं, आणि ताईनं खालून गंधार लावला. दोन्ही सूर एकमेकांत बसले. दाजी दारातून आत आले आणि जमिनीवर बसले. थोड्या वेळानं ते मांडीवर बोटं वाजवायला लागले. मोजत होते की नाही, मी विचारलं नाही.

मग रोज तालीम. कोरसच्या बाया आधी बिचकल्या, कारण वरचा सूर त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. ताईनं त्यांना एकेकीला पुठ्ठ्यावर बसवलं. सरांनी फ्रिजचं आणखी एक खोकं मिळवलं. विहारात संध्याकाळी ताई धरून चार बाया मांडीवर पुठ्ठे घेऊन ओळीनं बसलेल्या, आवाज नाही, नुसती बोटं चाललेली. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची आणि यांचं काय चाललंय ते न कळून पुढं जायची. केडगावच्या पोरीचं नाव हळूहळू निघेनासं झालं.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर माणूस मावत नव्हतं. ताईची पाळी आली तशी पुढं बसलेल्या बायांत चुळबुळ झाली. सगळ्यांना गाठीचं माहीत होतं. मला सर दिसत होते, मधल्या रांगेत, कडेला, पांढरी टोपी. माझी पट्टी त्या दिवशी बटणात नव्हती, बोटांत होती. ताईनं ध्रुवपद उचललं. आवाज जुना नव्हता. जाड झाला होता, जरा खरखरीत, आणि त्यात एक वजन आलं होतं. अंतरा चढायला लागला. लोक तिच्या गळ्याकडं बघत होते, मीही. जिथं ती नेहमी एकटी वर जायची, तिथं मागच्या तिघी वर गेल्या, वरच्या सावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि ताई खाली गंधारावर थांबली. तिचा तो एक सूर खालून सगळ्यांना धरून होता. टाळी लगेच पडली नाही. पडली तेव्हा थांबेना. दाजी ढोलकीवर पळाले, साफ पळाले, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसेच वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी वाटच बघत होतो.

"पहिल्या गाण्यात तू मध्येच द्रुत झालास," सर म्हणाले.

"व्हय, सर."

"ढोलकी अंतऱ्यात पळाली."

"दाजी रडत होते, सर."

"रडावं की. लयीत रडावं." मग कोरसचं. मधल्या बाई आता निषादाला लाजत नाहीत, पण धैवताला लाजायला लागल्यात. शेवटच्या गाण्याची सम. निवेदकानं ठेक्यावर बोलू नये. फोनमागून काकूंचा आवाज येत होता, चहा गार होतोय म्हणून.

"आणि ताईचं गाणं?" मी विचारलं. "तिच्या चुका?"

पलीकडं चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"त्याचं सांगता यायचं न्हाई मला," सर म्हणाले. "तवा मी ऐकत होतो."